निदान एक तास

आम्ही घर बघायला गेलो तेव्हा घरमालक अण्णांनी आमची जात विचारली नाही, मांसाहार करता का विचारलं नाही, पाहुणे किती येतात तेही विचारलं नाही. बंगळुरातल्या के. आर. पुरममध्ये त्याआधी आम्ही अकरा घरं बघितली होती आणि हे तीन प्रश्न आम्हाला तोंडपाठ झाले होते. बायकोनं तर उत्तरांचा क्रमसुद्धा लावून ठेवला होता. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "गेल्या सात दिवसांत, कुठल्याही एका दिवशी, निदान एक तास तरी काम केलं का?"

मला वाटलं, म्हातारा खवचट दिसतो. संगणकवाले नुसते खुर्च्या उबवतात, असं ह्याला सुचवायचं असणार. मी जरा ताठ्यातच म्हणालो, "तास कसला? रोज अकरा तास काम करतो मी."

"अकरा नको. एक पुरे," ते म्हणाले आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्या घरात आम्ही सात वर्षं वरच्या मजल्यावर राहिलो, ते आणि त्यांची बायको अक्का खाली. आता आम्ही होसकोट्याला राहतो. पण अजूनही कुणी "काय चाललंय?" असं विचारलं की मला तो सवाल आठवतो, कारण अण्णांच्या तोंडी नमस्काराच्या जागी तोच असायचा. दूधवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, एकदा तर भाचीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी तो विचारला होता. मुलगा गोंधळून "हो, मंगळवारी" म्हणाला. लग्न जमलं.

सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात अण्णांनी पस्तीस वर्षं नोकरी केली. कचेरीत बसून बेरजा करणाऱ्यांतले ते नव्हेत. फॉर्मांचा गठ्ठा काखेत घेऊन दारोदार जायचं आणि घरातलं कोण कामावर आहे, कोण काम शोधतंय, कोण शोधून थकलंय हे लिहून आणायचं, हे त्यांचं काम. देशात किती लोकांना रोजगार आहे हे आपण ज्या आकड्यावरून सांगतो, तो आकडा असल्या पायपिटीतून निघतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांचा तो सवालही त्या फॉर्ममधलाच. आठवड्यात एक तास काम केलं असेल तर माणूस कामावर. नसेल केलं, तर पुढचा प्रश्न: कामाच्या शोधात होतात का?

त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळुरात आलं आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलं होतं की कुठलं कुठून सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वल्प सरका", "सरी, या आता", "सुम्ने बसलोय" हे सगळं त्यांच्या लेखी मराठीच होतं; सरी म्हणजे बरं आणि सुम्ने म्हणजे उगाच, हे मला हळूहळू कळलं. उलट माझ्या पुणेरी बोलण्याला ते नावं ठेवत. "तुमच्या एका वाक्यात चार शब्द इंग्लिश. आमच्यात दोनच कन्नड. मग मराठी कुणाची चांगली?" असं मोजून दाखवत.

मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्यासमोर कुणी "सगळे" हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "सगळे म्हणजे किती घरं?" असं लगेच यायचं. एकदा अक्का वैतागून म्हणाल्या, "गल्लीत सगळ्यांकडं कपडे धुवायचं मशीन आहे, मीच तेवढी घासत बसते." अण्णांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. तासाभरानं येऊन म्हणाले, "एकोणीस घरांतल्या अकरा घरी आहे. म्हणजे सगळ्यांकडं नाही. पण तुझं म्हणणं बरोबर आहे." पुढच्या आठवड्यात मशीन आलं.

मी स्वतः टेस्टर. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे माणसातलीही खोट आधी दिसते. अण्णांच्या बाबतीत मी पहिली दोन वर्षं ठाम होतो, की हा निवृत्त कारकुनी चक्रमपणा आहे. मत बदललं ते त्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीनं.

होसकोट्याच्या पलीकडच्या एका गावात त्यांच्या यादीत एक घर होतं. गेले तर दाराला बाहेरून कुलूप. दुसऱ्या दिवशीही कुलूप. असं झालं तर शेजारचं घर घ्यायची मुभा असते आणि बहुतेक जण ती घेतात. अण्णांना हे कधीच पटलं नाही. "यादीत ते घर आहे, शेजारचं नाही," म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि पायरीवर टेकले, तेव्हा आतून खोकला ऐकू आला. त्या माणसाचा कारखाना बंद पडला होता. कुणी भेटायला येऊ नये म्हणून बायको कामाला जाताना त्याच्याच सांगण्यावरून बाहेरून कुलूप घालून जायची. अण्णांनी दार उघडायला सांगितलं नाही. दाराला पाठ लावून बसले आणि एकेक प्रश्न मागं न बघता विचारत गेले. आतून उत्तरं येत गेली. अख्खा फॉर्म तसा भरला.

"काम गेलेला माणूस पहिल्यांदा दार लावून घेतो," ते म्हणाले. "म्हणून आमचा आकडा नेहमी स्वल्प गोड यायचा. मी एका घराचा गोडवा कमी केला, अष्टे, एवढंच."

निवृत्त झाल्यावर यादी संपली, पण पाय थांबेनात. मग त्यांनी आपल्या गल्लीचीच पाहणी सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून, पुठ्ठ्याला कागद लावून ते एकोणीस घरं फिरायचे. आमच्याकडे वरही जिना चढून येत, आणि रोज बघत असूनही दारात उभं राहून आधी ओळख सांगत. दुपारी गेटाच्या खांबाला टांगलेल्या काळ्या पाटीवर खडूनं दोन ओळी लिहीत. कामावर इतके. कामाच्या शोधात इतके. नाव कुणाचं नाही. गल्लीला त्याची सवय झाली होती. इस्त्रीवाला गिऱ्हाइकांना पत्ता सांगताना "पाटीवाल्या घराच्या पुढं" म्हणायचा.

साथीच्या दिवसांत त्यांना फिरता येईना, तेव्हा ते गच्चीवरून ओरडून प्रश्न विचारत. पाटीवरची दुसरी ओळ फुगत गेली. एक-दोघांनी सुचवलं की अण्णा, पाटी पुसा, अपशकुन वाटतो. "पाटी पुसून काम लागत नाही," एवढंच ते म्हणाले. मग गाडं हळूहळू रुळावर आलं. रिक्षा सुरू झाल्या, शाळा उघडल्या, माझी बायको शिकवायची ती बालवाडीही सुरू झाली. दुसऱ्या ओळीतला आकडा महिन्याला एक, महिन्याला दोन असा उतरत गेला. शेवटी एकच उरला. तो म्हणजे टोकाच्या घरातली मुलगी. दीड वर्ष ती अर्ज करत होती. तिला एका इस्पितळाच्या स्वागतकक्षात नोकरी लागली आणि गल्लीत कुणालाच शंका उरली नाही, की ह्या रविवारी पाटीवर शून्य येणार.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, माझी नोकरी गेली.

ऑफिस बेळ्ळंदूरला, पण मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचो. हा मंगळवार घरचा होता. पडद्यावर बारा मिनिटांची बैठक झाली. साहेब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हणाला, आपला विभाग बंद होतोय, पण वाईट वाटून घेऊ नका, कंपनीची एकूण भरती वाढतेय, बाजार सुधारतोय, एकूण चित्र फार चांगलं आहे. त्या एकूण चित्रात मी कुठं उभा आहे ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बैठक संपायच्या आत माझा लॅपटॉप बंद झाला. मी बराच वेळ काळ्या पडद्यात माझंच तोंड बघत बसलो.

बायकोला त्याच दुपारी सांगितलं. बाकी कुणालाही सांगायचं नाही असं मी ठरवलं आणि तिला ते मान्य करायला लावलं. भाडेकरूचं काम गेल्याचं कळल्यावर घरमालक काय करतात ह्याच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. पण खरं सांगायचं तर भीती त्याची नव्हती. चाळिशी ओलांडलेल्या, गल्लीत "साहेब" म्हणवून घेणाऱ्या माणसाला लाज वाटत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून दिवसभर बसू लागलो. शुक्रवारी कुरियरवाला लॅपटॉप परत न्यायला आला. अण्णा ओट्यावरच होते. "दुरुस्तीला चाललाय," मी म्हणालो.

रविवारी पांढरा शर्ट जिना चढून आला. "मी पाहणीसाठी आलोय," अण्णांनी नेहमीप्रमाणे दारातून सांगितलं. आणि तो सवाल आला. गेल्या सात दिवसांत, निदान एक तास.

पण टेस्टरचं डोकं अशा वेळी चोरवाट काढतंच. मंगळवारी काम गेलं, पण सोमवारी? सोमवारी मी बेळ्ळंदूरला जाऊन चांगलं नऊ तास राबलो होतो. सोमवार सात दिवसांच्या आत होता. मी म्हणालो, "हो. केलं."

अण्णांनी लिहून घेतलं. पाटीवर शून्य आलं.

संध्याकाळी अक्कांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी पुरणाच्या होळिगे पाठवल्या. टोकाच्या घरातली मुलगी स्वतः वाटत फिरली. आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, "साहेब, आता शोधणारं कुणी नाही गल्लीत." मी तिचं अभिनंदन केलं. त्या पोरीचा मला राग आला हे कबूल करायला अजूनही जड जातं. तिच्या नोकरीनं माझी गेली नव्हती, हे समजायला शिक्षणही लागत नाही. तरी आला.

पुढचा महिना वाईट गेला. मी अर्ज पाठवत होतो आणि उत्तरं येत नव्हती. टीव्हीवर मात्र रोज कुणीतरी कोट घालून सांगत होतं की भरती वाढली आहे. बायकोला शेजारणींशी बोलताना माझ्या नसलेल्या मीटिंगा सांभाळाव्या लागत. एकदा ती म्हणाली, "खोटं तू बोलतोस, पाठांतर मला करावं लागतं." मी तिच्यावर ओरडलो. पण तिचं बरोबर होतं.

एका संध्याकाळी मी पाण्याच्या मोटारीची किल्ली द्यायला खाली गेलो. अण्णा-अक्का बातम्या बघत होते. देशात रोजगार वाढल्याचं निवेदिका सांगत होती. माझा तोल गेला. "सगळं खोटं आहे," मी म्हणालो. "गार हवेत बसून आकडे बनवतात आणि आपल्या तोंडावर फेकतात."

अण्णांना चिडलेलं मी तेव्हा एकदाच बघितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. "पस्तीस वर्षं मी उन्हात चाललोय. गार हवेत नाही बनवला," ते म्हणाले. अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं ते सौम्य झाले. "धरणात पाणी वाढलं म्हणजे तुमच्या नळाला आलं असं नाही, सरी. पण म्हणून धरण खोटं होत नाही. नळाला येत नसलं तर ते सांगायला लागतं. धरणाला आपोआप कळत नाही."

मी किल्ली टेबलावर ठेवून वर आलो. त्यांना ठाऊक आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या चुका शोधणाऱ्याला स्वतःच्या दिसत नाहीत.

दुसरा रविवार जवळ आला. आता सोमवारची चोरवाट उरली नव्हती. शनिवारी मी असा उद्योग केला, की आठवलं तरी कान गरम होतात. एक तास काम हवं होतं ना? मग ते कुठूनही मिळवायचं. मी इस्त्रीवाल्याकडे गेलो. त्याच्या फोनमध्ये चाळीस गिऱ्हाइकं "शर्ट" ह्या एकाच नावानं साठवलेली होती. मी त्याच्या टेबलाशी बसून एकेकाला वेगळं नाव देऊन टाकलं. घड्याळ लावून बरोबर एक तास दहा मिनिटं. दहा मिनिटं खबरदारी म्हणून. तो बिचारा एवढा संकोचला की त्यानं मला दोनदा कॉफी पाजली.

रविवारी अण्णा दारात उभे राहिले. ओळख सांगितली. सवाल विचारला.

"हो," मी म्हणालो. "शनिवारी. इस्त्रीवाल्याचं काम केलं. तासापेक्षा जास्तच."

अण्णांनी पेन्सिल उचलली. "मोबदला?"

"कॉफी."

"कॉफी तो मलाही देतो." त्यांनी जरा विचार केला. खरोखरच विचार केला, नियमात बसतंय का ते बघत होते. "नाही. ही शेजारधर्माची मदत झाली. काम धरता येत नाही." मग त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "कामाच्या शोधात होतात का?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "हो."

"केव्हापासून?"

"पाच आठवडे होतील मंगळवारी."

त्यांनी लिहिलं. कागद उलटा करून पुठ्ठ्याखाली घातला आणि मगच आत येऊन खुर्चीवर बसले. मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"लॅपटॉप दुरुस्तीला जाताना त्याच्या चार्जरसकट, पिशवीसकट जात नाही."

"मग मागच्या महिन्यात शून्य का लिहिलंत?"

"तुम्ही सोमवारी काम केलं होतं. नियमानं शून्य बरोबर होतं. तुम्ही खोटं बोलला नाही, आकडाही खोटा नव्हता."

"आणि होळिगे? आमच्या घरात काय चाललंय ते ठाऊक असून?" माझा आवाज चढला होता.

"त्या पोरीला दीड वर्षानं काम लागलं," अण्णा म्हणाले. "तुमचं गेलं म्हणून तिचं लागलेलं खरं नाही का? दोन्ही एकाच गल्लीत झालं. मी काय करू? एक लिहू आणि एक पुसू?"

मी रडलो. बायकोसमोर आणि घरमालकासमोर. अण्णांनी धीर दिला नाही, होईल सगळं ठीक असं म्हणाले नाहीत. बाजार सुधारतोय हेही त्यांनी सांगितलं नाही, आणि ते सांगण्याचा हक्क कुणाला असता तर त्यांना होता. बसून राहिले फक्त. जाताना बायकोला म्हणाले, "घराचं काही मनात आणू नका. तुम्ही माझ्या यादीतलं घर आहात."

दुपारी पाटीवर शून्य पुसून एक लिहिलं गेलं आणि गल्लीत खळबळ उडाली. मागच्या महिन्यात गोडधोड खाल्लेलं, आणि आता हा एक कोण? अण्णांना लोकांनी आडून विचारलं, सरळ विचारलं. "नाव सांगितलं तर पुढच्या वेळी दार कोण उघडेल?" एवढंच त्यांचं उत्तर. मग लोक आपापसात अंदाज बांधू लागले. गंमत म्हणजे माझ्यावर कुणाचाच संशय नव्हता. उलट माझ्याकडे शिफारशी यायला लागल्या. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्या ऑफिसात बघा ना त्या माणसासाठी काही." टोकाच्या घरातली मुलगी एका चिठ्ठीवर इस्पितळातल्या रिकाम्या जागा लिहून घेऊन आली. "कोण आहे माहीत नाही, पण तुम्हाला कळलं तर द्या," म्हणाली. तिची ती चिठ्ठी घेताना मला मागच्या महिन्यातला माझा राग आठवला आणि तिच्याकडे बघवेना.

बुधवारी समोरच्या घरातले चौगुले आले. निपाणीकडचे, होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. आत बसायला तयार होईनात, जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभे राहिले.

"त्याचं असं हाय साहेब," ते म्हणाले, "आमच्या स्टोअरला माणूस पाहिजे. मालाच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायच्या. सगळा घोळ हाय तिथं. पगार लई न्हाई, पण काम हाय. अण्णा नाव सांगंनात, आणि बरोबर हाय त्यांचं. पण तुमच्याकडं चार लोकांचं येणंजाणं, तुम्हाला कळलं तर एवढं पोचवा." त्यांनी कारखान्याचा पत्ता लिहिलेला कागद दिला. "आणि त्याला म्हणावं, लाजू नको. माझा पण कारखाना बंद पडला होता एकदा. सहा महिने सासऱ्याच्या घरी खाल्लंय मी."

"सांगतो," मी म्हणालो.

ते वळले आणि उतरायला लागले. मी कागद हातात धरून उभा होतो. मागं बायको होती. चौगुले मधल्या वळणावर पोचले तेव्हा मी हाक मारली.

"चौगुले, तो मीच."

ते थांबले. वर बघितलं. आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. "मग कागद कशाला?" म्हणाले. "सकाळी सात-दहाची बस असते. बरोबरच जाऊ की." आणि खाली गेले.

नोकरी मिळाली. पगार आधीच्या निम्म्याहून जरा जास्त. सकाळी डबा, बस, धूळ, लोखंडाचा वास, आणि माझ्या जुन्या कामाशी संबंध म्हणाल तर एवढाच, की चुका इथंही भरपूर होत्या. पुढच्या पहिल्या रविवारी अण्णांनी मला सवाल विचारला, मी हो म्हणालो, पाटीवर पुन्हा शून्य आलं. गल्लीनं माझं अभिनंदन केलं. मीही हसून स्वीकारलं. पण खरं सांगायचं तर मला ती नोकरी माझी वाटत नव्हती. बसमध्ये बेळ्ळंदूरचा फाटा दिसला की मी मान वळवायचो. कारखान्यात कुणाशी भांडलो नाही, कुणाबद्दल घरी येऊन बोललो नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा राहतो तसा मी तिथं जात-येत होतो. बायको विचारायची, कसा गेला दिवस? मी म्हणायचो, ठीक.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी बसमधून उतरलो आणि वर जाण्याऐवजी ओट्यावर अण्णांच्या शेजारी टेकलो. डबा खाली ठेवला. आणि कुणी न विचारता माझं तोंड सुटलं. आमचा स्टोअरकीपर कसा माणूस आहे, नटांच्या पेटीत बोल्ट ठेवतो आणि नोंद वॉशरची करतो, मी लावलेल्या चिठ्ठ्या उपटून त्यांवर चहाचा कप ठेवतो, साहेबासमोर मात्र सगळी व्यवस्था आपणच लावली असं सांगतो, आणि आज तर त्यानं हद्द केली. मी पंधरा मिनिटं बोलत असेन. हातवारेही करत होतो. अण्णा डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यांनी आत तोंड करून अक्कांना हाक मारली. "अगं, ऐकलं का? वरच्यांचं काम लागलं."

आतून अक्का म्हणाल्या, "आत्ता? चार महिने झाले की त्याला."

"ते कागदावर लागलं होतं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी मांडी नीट घातली. "हं, सांगा. आज काय हद्द केली त्यानं?"